विंडोज बदलले, नेट गेले : कार्ड फेकण्यापूर्वी ड्रायव्हर तपासा



कापडाच्या धंद्यात आमची तीसहून अधिक वर्षे गेली. ताग्यावर हात फिरवला की सूत कसे आहे ते कळते, पण कॉम्प्युटरच्या डब्यात काय चालले आहे ते कळत नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि त्या काळी शाळेत कॉम्प्युटर नव्हता. आज बिल, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचा व्यवहार हे सारे त्याच डब्यातून होते. तो रुसला की आपण हात जोडून कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत बसतो, आणि समोरचा सांगेल तेवढे पैसे मोजतो.

विंडोज बदलल्यानंतर नेट बंद पडणे हा एक असाच नेहमीचा आजार आहे. हा आजार बहुतेक वेळा किरकोळ असतो. मात्र तो ओळखता आला नाही तर महाग पडतो. आम्हांला तो महाग पडता पडता राहिला. आमचा तजुर्बा आणि त्यातून शिकलेला धडा क्रमाने देत आहोत. शक्य तर हे पान कापून कॉम्प्युटरजवळ ठेवावे.

१) आमच्या पेढीवर काय झाले

विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून विंडोज ११ घ्यावे, असे सगळीकडून सांगण्यात येत होते. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, बाजार सुस्त असतो. ७ नोव्हेंबर २०२५ चा शुक्रवार पाहून आम्ही पेढीवरच्या मुख्य कॉम्प्युटरवर अपग्रेडचे बटण दाबायला सांगितले. कसलीही तयारी केली नाही, काही लिहून ठेवले नाही. पुढे जे झाले त्यात दोष होता तो आमच्या या घाईचा.

शनिवारी सकाळी राजस्थानात पालीला जाणारी ग्रे कापडाच्या गाठींची मालमोटार दारात भरून उभी होती. माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा आणि परराज्यात जाणारा, तेव्हा ई-वे बिलाशिवाय गाडी हलवता येत नव्हती. कॉम्प्युटर सुरू केला तर खाली उजव्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचे चिन्ह आले, म्हणजे नेट नाही. आतल्या दोन काउंटरांवरचे कॉम्प्युटर याच मुख्य कॉम्प्युटरवरची हिशेबाची वही उघडतात; तेही ठप्प झाले. महिन्याचे विवरणपत्र ११ तारखेला भरायचे, म्हणजे तीन दिवसच हातात होते.

कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा आहे. बटण त्याने आमच्याच सांगण्यावरून दाबले होते. तरी आम्ही हमाल, मुनीमजी आणि दोन गिऱ्हाइकांसमोर त्याला नको ते बोललो. तो म्हणाला, "मामू, ड्रायव्हर बिघडलाय." आम्ही म्हणालो, "ड्रायव्हर बाहेर चहा पितोय, तुझं डोकं बिघडलंय!" लोक हसले. मुलगा गप्प झाला.

मग एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने कॉम्प्युटर न पाहताच सांगितले, "नेटवर्क कार्ड उडाले. ते मदरबोर्डातच असते, मदरबोर्ड बदलावा लागेल." आम्ही हो म्हणण्याच्या बेतात होतो. अडीच तास गेले. शेवटी मुनीमजी म्हणाले, "शेठ, पोराला एकदा बोलू तर द्या."

मुलाने आपला मोबाइल वायरीने कॉम्प्युटरला जोडला. पाच मिनिटांत मोबाइलचे नेट कॉम्प्युटरवर आले. ई-वे बिल निघाले, गाडी रवाना झाली. त्यानंतर त्याने शांतपणे खरा आजार शोधला आणि दुपारपर्यंत सर्व पूर्ववत केले. कार्डाला काहीही झालेले नव्हते.

त्याने काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि का केले, ते आम्ही नंतर त्याच्याकडून शिकून घेतले. तेच आता सांगतो.

२) ड्रायव्हर म्हणजे काय

नेटवर्क कार्ड म्हणजे ज्याला नेटची वायर लागते तो भाग. आजकाल तो बहुधा मदरबोर्डावरच बसवलेला असतो. वायरशिवाय चालणाऱ्या वायफायचेही वेगळे कार्ड असते. विंडोज ही कॉम्प्युटरची मुख्य व्यवस्था. आता कार्ड एका कंपनीचे, विंडोज दुसऱ्या कंपनीचे. दोघांची भाषा एक नाही. त्यांच्यात बोलणे करून देणारा जो छोटा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. उर्दूत ज्याला तर्जुमान म्हणतात, मराठीत दुभाषा, तेच याचे काम.

दुभाष्याची किंमत आम्हा उर्दूत शिकलेल्यांना वेगळी सांगायला नको. माल चांगला, गिऱ्हाईक चांगले, पण मधला बोलणारा नसला तर सौदा होत नाही. अशा वेळी माल खराब आहे असे म्हणून गाठी फेकून दिल्या तर लोक काय म्हणतील? ड्रायव्हर बिघडला म्हणून कार्ड किंवा मदरबोर्ड बदलणे हे तसेच आहे.

३) अपग्रेडनंतरच हे का होते

याची मुख्य कारणे चार आहेत.

पहिले : जुन्या विंडोजचा ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये तसाच आला, पण तेथे त्याचे चालेना. आमच्याकडे हेच झाले होते.

दुसरे : नव्या विंडोजबरोबर त्या कार्डासाठी ड्रायव्हर आलाच नाही. सर्व पुसून कोरे विंडोज टाकले की हे अधिक घडते.

तिसरे : जुने व्हीपीएन किंवा अँटीव्हायरस सॉफ्टवेअर नेटच्या रस्त्यात आपला स्वतंत्र नाका बसवते. अपग्रेडनंतर सॉफ्टवेअर निकामी होते, पण नाका तसाच राहतो. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा जुन्या व्हीपीएनमुळे अनेकांचे नेट असेच अडले होते. असे सॉफ्टवेअर अपग्रेडपूर्वी काढावे आणि नंतर नवे टाकावे.

चौथे : कार्डही ठीक, ड्रायव्हरही ठीक, फक्त मांडणी बदललेली असते. याविषयी सातव्या भागात लिहिले आहे.

४) आधी नब्ज पाहावी, मग औषध द्यावे

जाणता हकीम नब्ज पाहिल्याशिवाय नुस्खा लिहीत नाही. येथेही पुढील क्रम मोडू नये.

(क) दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर दुकानाचे नेट चालते का ते पाहावे. तेथेही नसेल तर दोष राउटरचा किंवा नेट पुरवणाऱ्याचा आहे. कॉम्प्युटरला हात लावू नये.

(ख) वायर काढून पुन्हा खटका वाजेपर्यंत बसवावी. वायर जेथे लागते त्या भोकाजवळचा छोटा दिवा पाहावा. दिवा लागला किंवा लुकलुकला तर वायरीत आणि कार्डात जीव आहे. दिवा नसेल तर चालू असलेल्या कॉम्प्युटरची वायर लावून पाहावी. तरीही दिवा नाही म्हणून कार्ड मेले असे लगेच ठरवू नये.

(ग) 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही. विंडोज १० व ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. तिच्यामुळे शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवला जातो, आणि आजारही जपला जातो. म्हणून 'रीस्टार्ट' हेच बटण दाबावे. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

(घ) आता डिव्हाइस मॅनेजर उघडावे. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून एक्स दाबावा. यादी येते, तीत डिव्हाइस मॅनेजर निवडावे. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' या ओळीखाली कार्डाचे नाव असते. नावावर पिवळा त्रिकोण असेल तर दोष ड्रायव्हरचा समजावा. नाव तेथे नसून 'अदर डिव्हायसेस' या ओळीखाली 'इथरनेट कंट्रोलर' किंवा 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिलेले असेल, तर कार्ड दिसते आहे पण त्याला दुभाषा मिळालेला नाही.

कार्ड कोठेच दिसत नसेल तर 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' करून पाहावे. तरीही नसेल, तर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मांडणीत बंद केलेले असू शकते. तेथेही चालू असून दिसत नसेल, तेव्हाच कार्ड खरोखर गेल्याची शंका घ्यावी.

५) कोड वाचायला शिका

कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक करावे. समोर येणाऱ्या चौकटीत आजाराचे नाव आणि कोड लिहिलेला असतो. हा कोड म्हणजे नब्ज. नेहमी येणारे कोड असे :

कोड १० : उपकरण सुरू होऊ शकत नाही. अपग्रेडनंतर हा आला तर जुन्या, न जुळणाऱ्या ड्रायव्हरचा संशय प्रथम घ्यावा. आमच्याकडे हाच कोड होता.

कोड २२ : उपकरण कोणीतरी बंद करून ठेवले आहे. नावावर उजवी कळ दाबून 'इनेबल डिव्हाइस' करावे. खर्च शून्य.

कोड २८ : ड्रायव्हर टाकलेलाच नाही. टाकला की काम झाले.

कोड ३१ : विंडोजला लागणारा ड्रायव्हर चढवता येत नाही. ड्रायव्हर काढून नवा टाकावा.

कोड ३९ : ड्रायव्हर खराब झाला आहे किंवा गहाळ आहे. यालाही तोच इलाज.

कोड ५२ : ड्रायव्हरवरची सही विंडोजला पटत नाही. असा ड्रायव्हर फार जुना किंवा भलत्या ठिकाणाहून आणलेला असण्याचा संभव असतो. सहीची तपासणी बंद करण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नये. कंपनीचा सही असलेला ड्रायव्हर आणावा.

६) योग्य ड्रायव्हर कसा मिळवावा

येथे लोक अडतात, कारण ड्रायव्हर नेटवर असतो आणि नेट तर बंद आहे. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय मोबाइलचा. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी वायरीने कॉम्प्युटरला जोडावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट व टेदरिंग या भागात 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. मोबाइल स्वतःच कॉम्प्युटरचे तात्पुरते नेटवर्क कार्ड बनतो. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. वायर मात्र डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. अडलेले ई-वे बिल किंवा बँकेचे काम असेल तर ते प्रथम उरकून घ्यावे, दुरुस्ती नंतर. मोबाइलचा डेटा विंडोज स्वतःच्या अपडेटसाठी ओढून घेऊ नये म्हणून त्या जोडणीला सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवावे.

दुसरा उपाय पेन ड्राइव्हचा. शेजारच्या दुकानातील कॉम्प्युटरवर ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आणावा.

पण कोणता ड्रायव्हर? कापड घेताना आपण काउंट, रीड, पिक विचारतो. नुसते 'चांगले कापड द्या' म्हणत नाही. कार्डाचेही तसेच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर दोनदा क्लिक करून 'डिटेल्स' पानावर जावे आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. तेथे इंग्रजी अक्षरे व आकडे यांची लांब ओळ येते. तीत व्ही-ई-एन या अक्षरांपुढील चार खुणा म्हणजे बनवणारी कंपनी : १०ईसी असेल तर रियलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. त्यापुढे डी-ई-व्ही या अक्षरांनंतरच्या चार खुणा म्हणजे त्या कंपनीचे कोणते कार्ड ते. उदाहरणार्थ रियलटेकपुढे ८१६८ असेल तर ते त्या कंपनीच्या प्रचलित गिगाबिट जातीचे कार्ड आहे. यूएसबीत लावायचे कार्ड असेल तर त्या ओळीत व्ही-आय-डी आणि पी-आय-डी अशी अक्षरे असतात. ही ओळ कागदावर उतरवावी किंवा तिचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

आता ड्रायव्हर कोठून घ्यावा ते सांगतो. तयार कॉम्प्युटर असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून घ्यावा. जोडून घेतलेला असेल तर मदरबोर्डाच्या कंपनीकडून, आणि तेथे नसेल तर कार्डाच्या कंपनीकडून. विंडोज ११ साठी ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, कारण विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्ती निघालेलीच नाही. मोबाइलने नेट आले असेल तर आणखी एक सोपी वाट आहे : सेटिंगमध्ये विंडोज अपडेट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ऑप्शनल अपडेट्स. तेथे ड्रायव्हर अपडेट या ओळीत कधी कधी हवा तो ड्रायव्हर तयार मिळतो.

एक इशारा. 'तुमचे सारे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये ठीक करतो' असे सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांपासून दूर राहावे. त्यांतले काही पैसे मागतात, काही नको ते सॉफ्टवेअर आत घुसवतात. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचा व्यवहार आहे त्यावर असा पाहुणा घेऊ नये.

ड्रायव्हर हातात आल्यावर कृती अशी :

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे. विचारणा येते तेव्हा जुना ड्रायव्हरही काढण्याची छोटी चौकट दिसते. नवा ड्रायव्हर हातात असेल तरच तिच्यावर खूण करावी. नंतर रीस्टार्ट करावे. विंडोज पुष्कळदा स्वतःचा साधा ड्रायव्हर आपणहून बसवते आणि नेट सुरू होते. न झाले तर आणलेला ड्रायव्हर चालवावा व पुन्हा रीस्टार्ट करावे.

याउलट, नेट चालू होते आणि एखाद्या अपडेटने नवा ड्रायव्हर आल्यावर बंद पडले असेल, तर 'ड्रायव्हर' पानावरचे 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबून पहिला ड्रायव्हर परत आणता येतो. ते बटण फिके दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे.

नेट येते, पण कॉम्प्युटर झोपेतून उठला की जाते, अशीही तक्रार ऐकू येते. कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, तिची खूण काढावी.

७) ड्रायव्हर बसला, तरी काउंटर बंद?

आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास मुख्य कॉम्प्युटरवर वायरीचे नेट आले. आम्ही खूश झालो, पण आतल्या काउंटरांवर वही उघडेना. आम्हांला वाटले दुसरा आजार निघाला. वास्तविक हा त्याच आजाराचा मागचा हिस्सा होता.

दुकानातील प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कमध्ये एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता बहुधा कायमचा ठरवून दिलेला असतो, कारण बाकीचे त्याच पत्त्यावर वही शोधतात. कार्ड काढून पुन्हा बसवले की विंडोज त्याला नवे कार्ड समजू शकते आणि राउटर देईल तो पत्ता घेते. दुकान तेच, पाटी मात्र दुसऱ्या गल्लीत लागली असे होते.

त्यातच आम्ही सकाळी घाईने 'नेटवर्क रीसेट' हे बटणही दाबून बसलो होतो. त्या बटणाने ठरवून दिलेले पत्ते व जोडण्या पुसल्या जातात. बाकी सर्व उपाय थकल्यावरचे ते शेवटचे औषध आहे, आणि पत्ते लिहून घेतल्याशिवाय ते घेऊ नये.

जुना पत्ता काय होता हे कोणालाच आठवेना. मुनीमजींनी जुनी खतावणी काढली. वायरिंग झाले त्या दिवशी त्यांनी तो शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट येथे जाऊन 'आयपी असाइनमेंट'पुढील 'एडिट' दाबले, 'मॅन्युअल' निवडून तो पत्ता भरला. दोन्ही काउंटर चालू झाले.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट तपासावी. नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते तेथे दिसते. पब्लिक म्हणजे बाजारातले अनोळखी नेट. तेथे विंडोज आपला कॉम्प्युटर इतरांपासून लपवते. दुकानातले नेट 'प्रायव्हेट' करावे, तेव्हाच दुसऱ्या कॉम्प्युटरला वही आणि प्रिंटर दिसतात.

पत्त्याच्या जागी १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे. कार्ड व ड्रायव्हर बोलू लागले आहेत. आता वायर, स्विच आणि राउटर पाहावे.

८) काहीच जमले नाही तर

घाबरू नये. अपग्रेड केल्यावर साधारण १० दिवसांपर्यंत जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय असते : सेटिंगमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी, मग 'गो बॅक'. त्यापूर्वी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या असतील तर ही वाट बंद होते. म्हणून पहिले १० दिवस सफाई करू नये. शिवाय ही परतीची वाट कायमची नाही; विंडोज १० चा आधार संपलेलाच आहे. चार दिवसांची सवड मिळते, तेवढ्यात ड्रायव्हर मिळवावा.

ड्रायव्हर मिळतच नसेल किंवा कार्ड खरोखर गेले असेल, तरी मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. यूएसबीत लावायचे किंवा आतल्या खाचेत बसवायचे वेगळे नेटवर्क कार्ड बाजारात मिळते. घेताना ते विंडोज ११ वर चालते का हे मात्र विचारून घ्यावे.

दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागले तर त्यात कमीपणा नाही. कारागिराला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. पण त्याला तीन प्रश्न विचारावेत : कोड कोणता आला? कार्ड कोणत्या कंपनीचे व कोणत्या नंबरचे? ड्रायव्हर कोठून आणला? चांगला कारागीर या प्रश्नांनी खूश होतो. न पाहता 'मदरबोर्ड गेला' म्हणणारा मात्र अडखळतो.

९) अपग्रेडपूर्वीची तयारी

ज्यांचे अपग्रेड अजून व्हायचे आहे त्यांनी एवढे करावे :

१. हिशेबाची पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी.

२. नेटवर्क कार्डाची कंपनी व नंबर लिहून ठेवावा. नव्या विंडोजचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा. सर्व पुसून कोरे विंडोज टाकायचे असेल तर हे विसरूच नये, कारण सुरुवातीच्या मांडणीतच विंडोज ११ नेट मागते.

३. मुख्य कॉम्प्युटरचा व प्रिंटरचा पत्ता वहीत लिहावा. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेला पत्ता कॉम्प्युटर बिघडल्यावर उपयोगी पडत नाही.

४. जुने व्हीपीएन व अँटीव्हायरस काढावे.

५. विवरणपत्राच्या तारखा, सणाची गर्दी आणि माल रवाना करण्याचा दिवस टाळावा. हाती दोन मोकळे दिवस असावेत.

६. सर्व कॉम्प्युटर एकाच दिवशी बदलू नयेत. आधी एका काउंटरचा बदलावा, आठवडाभर पाहावे, मुख्य कॉम्प्युटर शेवटी घ्यावा.

१०) शेवटचा धडा

त्या दिवशी आमचा खर्च काहीच झाला नाही. मदरबोर्डाचे पैसे वाचले. नुकसान झाले ते वेगळेच. ज्या मुलाला आजार ठाऊक होता त्याचेच तोंड आम्ही बंद केले होते, आणि न पाहता बोलणाऱ्याचे ऐकत होतो. वयाने आणि गादीने मोठे असलो म्हणजे सर्वच विषयांत मोठे होत नाही, हे आमच्या ध्यानात आले. संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी मुनीमजी आणि हमाल यांच्यासमोर आम्ही त्या मुलाची माफी मागितली. ओरडलो सर्वांसमोर होतो, माफीही सर्वांसमोरच हवी होती. तो फक्त एवढेच म्हणाला, "मामू, पुढच्या वेळी आधी पेन ड्राइव्ह भरून घेऊ."

त्याप्रमाणे दोन्ही काउंटरांचे अपग्रेड पुढच्या महिन्यात झाले. ड्रायव्हर खिशात होता, पत्ते वहीत होते. एका काउंटरवर पुन्हा पिवळा त्रिकोण आला, आणि चहा येईपर्यंत गेलाही.

बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात, कारखान्यात असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. हा लेख त्यांच्या हाती द्यावा, पेन ड्राइव्ह घेऊन द्यावा, आणि ते बोलू लागले की ऐकावे.